मुंबई पासिंगची जुनी बॉक्स्टर इंदूरला आणावी का?

सुदामानगरच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: 2008 ची पोर्श बॉक्स्टर पाहिली आहे. 2.7 लिटर इंजिन, टिपट्रॉनिक म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मुंबई पासिंग, एकच मालक, मीटरवर 24,000 किलोमीटर. डीलर 19 लाख सांगतोय. रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी आहे, ही हौसेची. इतकी कमी चाललेली गाडी डोळे झाकून घ्यायला हरकत नाही ना, आणि पुढे सांभाळायला किती लागेल?

जुन्या स्पोर्ट्स गाड्या तपासणं आणि दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. तुमची निवड चांगली आहे. पण 24,000 या आकड्यावर भाळू नका. 18 वर्षांत 24,000 म्हणजे वर्षाला जेमतेम 1,300 किलोमीटर. ही गाडी चालली कमी आणि उभी जास्त राहिली आहे, आणि अशा गाडीला उभं राहणं चालण्यापेक्षा महाग पडतं. माझ्यासमोर 24,000 ची आणि 80,000 ची अशा दोन बॉक्स्टर ठेवल्या आणि दुसरीच्या मागे दरवर्षीच्या सर्व्हिसची बिलं असली, तर मी दुसरीच घेईन आणि तिला दोन पैसे जास्तही देईन.

उभ्या गाडीत काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण डीलर नेमकं तेच गुण म्हणून सांगतो. इंजिन ऑइल कधीमधी पाच मिनिटं इंजिन चालवून पुरतं तापत नाही. आत जमलेला ओलावा उडून जात नाही, ऑइलमध्येच राहतो आणि ते हळूहळू आम्लधर्मी होत जातं. एसी कॉम्प्रेसरचं सील चालू राहिलं तरच ओलं राहतं, बंद राहिलं की कोरडं पडतं आणि गॅस निघून जातो. ब्रेक कॅलिपरचे पिस्टन अडकतात. इंजिन माउंट, होस, व्हॅक्यूमच्या नळ्या या रबराचं वय किलोमीटरवर नाही, वर्षांवर आणि उष्णतेवर मोजायचं असतं. टायरचंही तेच. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. 2008 ची गाडी या मिश्रणासाठी बनलेली नाही. असं पेट्रोल टाकीत महिनोन्महिने राहिलं की पंप आणि इंजेक्टर दोन्ही त्रास देतात. आणि मुंबईत समुद्राची हवा आहेच.

आता इंजिनाबद्दल, कारण या गाडीचं नाव काढलं की पहिली भीती तिथलीच दाखवली जाते. 2008 पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये क्रँकशाफ्टखाली एक मधला शाफ्ट असतो. कॅमच्या साखळ्या त्याच्यावर चालतात. या शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक सीलबंद बेअरिंग असतं, त्याला सगळे आयएमएस बेअरिंग म्हणतात. सीलमुळे बाहेरचं ऑइल आत नीट पोचत नाही, आणि आतलं ग्रीस कालांतराने धुऊन जातं. बेअरिंग फुटलं की टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात आणि इंजिन संपतं. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला, तो 2001 ते 2005 च्या गाड्यांबद्दल होता. 2006 ते 2008 च्या इंजिनात हे बेअरिंग मोठं आणि मजबूत आहे, त्यामुळे ते फुटण्याचं प्रमाण बरंच कमी आहे. पण मोठं असल्यामुळेच ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेर निघत नाही, म्हणजे खबरदारी म्हणून बदलून टाकायची सोय नाही. गिअरबॉक्स कधी दुसऱ्या कामासाठी खाली उतरला, तर त्या वेळी बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकायचं, म्हणजे इंजिनचं ऑइल त्याला मिळत राहतं. मी हाच मार्ग धरतो. दुसरा उपाय म्हणजे वर्षाला एकदा ऑइल बदलणं आणि गाडी चालती ठेवणं. जुन्या ऑइलवर उभ्या राहिलेल्या गाडीत हे बेअरिंग जास्त धोक्यात असतं. तुमची गाडी नेमकी तशी आहे, म्हणून इतकं सांगतोय.

2009 पासून बॉक्स्टरला नवं इंजिन आलं, 2.9 लिटर. त्यात हा मधला शाफ्टच नाही. तुमच्या बजेटमध्ये 2009 ते 2012 ची गाडी मिळत असेल, थोडी जास्त चाललेली असली तरी, तर आधी तिचा विचार करा. नसेल मिळत तर 2008 च्या 2.7 ला मी नाकारत नाही. सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पडण्याचा जो दुसरा रोग या इंजिनांत बोलला जातो, तो 3.4 लिटरच्या एस मॉडेलमध्ये जास्त दिसतो, 2.7 मध्ये बराच कमी.

तपासणी कशी करायची? पहिली अट अशी घाला की गाडी तुमच्यासमोर थंड इंजिनवर सुरू व्हायला हवी. तुम्ही पोचायच्या आधीच तापवून ठेवलेली गाडी म्हणजे काहीतरी दडवलेलं आहे, असं समजून त्या दिवशी परत फिरायचं. आडव्या सहा सिलिंडरच्या या इंजिनात गाडी बरेच दिवस उभी राहिली तर सुरू होताना निळसर धुराचा एक लोट येऊ शकतो, त्याला घाबरू नका. धूर थांबला नाही, पांढऱ्या-निळ्या ढगासारखा येतच राहिला, तर मात्र एअर-ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग, गेलेला आहे. त्याची खात्री करायला हत्यार लागत नाही. मागची डिकी उघडा, ऑइल भरायचं झाकण तिथेच आहे. इंजिन मंद चालू ठेवून ते झाकण उचलून बघा. थोडी ओढ लागते, ते ठीक. पण झाकण आत ओढून धरल्यासारखं चिकटलं, आणि काढल्यावर इंजिन अडखळायला लागलं, तर सेपरेटरचा पडदा फाटलेला आहे. सुटा भाग फार महाग नाही, पण जागा अडचणीची आहे, मजुरी जास्त लागते.

हे इंजिन वरून दिसत नाही. पुढे बॉनेट उघडलं तर सामानाची जागा आणि बॅटरी, मागे डिकी उघडली तर पुन्हा सामानाची जागा. इंजिन मधे, सीटांच्या मागे. त्यामुळे लिफ्टशिवाय तपासणी म्हणजे अर्धीच तपासणी. लिफ्टवर घेऊन खालची प्लास्टिकची आवरणं काढायला लावा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात ऑइलची थोडी ओल असते, या वयात ती चालते, थेंब पडत असतील तर चालत नाही. तळ जर नुकताच धुऊन चकचकीत केलेला असेल तर विचारा की का धुतला. मला धुळीची गाडी जास्त आवडते, तिच्यावर गळतीची जागा आपोआप दिसते.

मग ऑइल फिल्टर. या एका कामासाठी डीलरशी भांडावं लागलं तरी भांडा, ऑइल आणि फिल्टरचा खर्च मी देतो म्हणून सांगा. खालचा डबा फिरवून काढला की आत कागदी फिल्टर असतो. त्याच्या घड्या पांढऱ्या कापडावर उन्हात पसरायच्या आणि एक एक घडी उलगडून बघायची. बारीक चकाकी थोडी असतेच. तिच्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे चमकदार कण निघाले तर ते पोलाद आहे, बहुधा बेअरिंगचं, आणि व्यवहार तिथेच थांबवायचा. चुंबकाला न चिकटणारे करडे कण म्हणजे अ‍ॅल्युमिनियम किंवा बेअरिंगच्या पट्ट्या, तेही वाईटच. तपकिरी किंवा काळे प्लास्टिकचे तुकडे साखळीच्या गाइडचे किंवा सीलचे असू शकतात, मग इंजिनात कॅमेरा घालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यातून जे कळतं ते टेस्ट ड्राइव्हमधून कधीच कळत नाही.

आता मीटरचं. 24,000 खरे आहेत का, हे गाडी स्वतः सांगते. पोर्शच्या इंजिन कंप्युटरमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद असते आणि ती कंपनीच्या पिविस किंवा बाजारातल्या ड्युरामेट्रिकसारख्या स्कॅनरने वाचता येते. किलोमीटरला तासांनी भागा. मुंबईत चालणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी 20 ते 25 किलोमीटर धरला तर 24,000 ला साधारण 1,000 ते 1,200 तास यायला हवेत. तिथे 2,500 तास दिसले तर सरासरी 10 च्याही खाली जाते. मुंबईची वाहतूक कितीही तुंबलेली असली तरी हौसेची गाडी इतकी हळू चालत नाही, मग मीटरला हात लावलेला आहे हे धरून चाला. याच रिपोर्टमध्ये इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं तेही येतं. मॅन्युअल गाडीत ते फार महत्त्वाचं. तुमची टिपट्रॉनिक आहे, तिच्यात चुकून खालचा गिअर पडत नाही, तरी रिपोर्ट घ्याच.

मुंबईच्या कापडी छपराच्या गाडीत पाणी कुठे मुरतंय हे शोधायला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. छप्पर दुमडून जिथे बसतं तिथे दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायची भोकं असतात. झाडाखाली उभ्या गाडीत ती पाल्याने बुजतात. मग पावसाचं पाणी सीटामागून आत उतरतं आणि कार्पेटखालच्या फोममध्ये साचतं. वरून कार्पेट कोरडं दिसतं. सीट पुढे सरकवा, कार्पेटची कड उचला आणि खालचा फोम बोटांनी दाबा. ओल, कुबट वास, वायरच्या जोडांवर हिरवट थर, यातलं काहीही सापडलं तर वायरिंगचा त्रास आज नाही तर वर्षभराने येणार. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. पुराचं पाणी आत शिरलेल्या गाडीत बेल्टच्या न दिसणाऱ्या शेवटच्या हातभर भागावर चिखलाची रेघ राहते, ती पुसायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. सीटच्या रुळांवरचा गंजही बघा. मुंबईतल्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरणं नवं नाही.

बाकीचं भराभर सांगतो. मागच्या डिकीत कूलंटची प्लास्टिकची टाकी आहे, तिला तडे जातात. डिकीतलं कार्पेट ओलं किंवा गोडसर वासाचं असेल तर टाकी बदलायची. पुढच्या बंपरच्या जाळ्यांतून टॉर्च मारून बघा, एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे पाला साचून ओला राहतो आणि कंडेन्सर सडतो. रेडिएटरचे पंखे दोन्ही वेगांत चालतात का बघा, कारण कमी वेगाचा रेझिस्टर जळलेला असतो आणि वाहतुकीत अडकेपर्यंत ते कळत नाही. इग्निशन कॉइलच्या बाहेरच्या कवचाला भेगा पडतात आणि पावसात मिसफायर होतं. खडबडीत रस्त्यावर पुढून टक-टक आवाज आला तर कंट्रोल आर्मचं बुश. छप्पर निदान दोन-तीनदा पूर्ण उघडून-मिटून बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2316 म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी बाद धरायचा, कारण रबर कडक झालं की ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटतात. या गाडीत वजन मधे आहे. पकड सुटते तेव्हा ती झटक्यात सुटते.

विंडस्क्रीनखालचा चासी क्रमांक आरसीशी आणि सर्व्हिस बुकातल्या स्टिकरशी जुळवा. त्या क्रमांकात अकरावं अक्षर यू असेल तर गाडी फिनलंडला, व्हॅल्मेटच्या कारखान्यात बनलेली आहे. एस असेल तर श्टुटगार्टला. यावरून काही लोक भाव पाडतात किंवा चढवतात, त्याला अर्थ नाही, दर्जा सारखाच आहे.

तपासणी डीलरच्या ओळखीच्या गॅरेजात करू नका. मुंबईत पोर्शचं अधिकृत सेंटर आहे, पैसे भरून तिथे तपासणी करून घ्या आणि चासी क्रमांकावर जुनी सर्व्हिस नोंद मिळते का विचारा. सध्याच्या मालकाची लेखी परवानगी लागू शकते, ती द्यायला तो का-कू करत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

कागदपत्रं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, म्हणजे या गाडीचं 2023 मध्ये संपलं. ते पुढे पाच वर्षांसाठी वाढवलं आहे का, हे परिवहनच्या पोर्टलवर आधी बघा. बॉक्स्टर पूर्ण आयात होऊन येते, आणि आयात चारचाकीला 15 वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी साध्या गाडीसारखी 5,000 नसून 40,000 रुपये आहे. वर फिटनेस तपासणी. 2025 च्या ऑगस्टपासून 20 वर्षांपुढच्या आयात चारचाकीला हीच फी 80,000 झाली आहे. तुमच्या गाडीला ते वय दोनच वर्षांवर आहे, तेव्हा हा खर्च आजच हिशेबात धरा. नूतनीकरण झालेलं नसेल तर ते मालकाने करून द्यायचं, असं सौद्यातच ठरवा.

त्याच पोर्टलवर कर्जाचा बोजा, थकलेली चलनं आणि मालक कितवा हे कळतं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. महाराष्ट्रातून बाहेर नेण्याचं ना-हरकत फॉर्म 28 वर, मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, आणि इथे नायता मुंडलाच्या आरटीओत एमपी 09 चा नवा क्रमांक घ्यायला फॉर्म 27. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नवा क्रमांक घेणं कायद्याने सक्तीचं आहे. मध्य प्रदेशाचा जीवनकाल कर वेगळा भरावा लागेल. मूळ बिलाची प्रत घेऊन आरटीओत जा आणि कराचा आकडा सौद्याच्या आधी काढून घ्या. बयाणा दिल्यावर हा आकडा कळणं आणि मग डीलरशी घासाघीस करणं, यात तुमची बाजू लंगडी पडते.

विम्यात एक गोष्ट लोक विसरतात. मालकी बदलली की थर्ड पार्टी विमा आपोआप तुमच्याकडे येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. 14 दिवसांच्या आत पॉलिसी नावावर करून घ्या, आणि तोवर गाडी रस्त्यावर आणू नका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. 1,500 सीसीवरच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता 7,897 रुपये आहे, कर वेगळा. गाडीची विमा किंमत इतक्या जुन्या गाडीत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. मूल्यमापकाचा अहवाल जोडा, म्हणजे ती उगाच कमी धरली जाणार नाही. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारा विमा, या वयाला सहसा मिळत नाही.

दिल्लीच्या स्वस्त गाड्याही तुम्हाला कुणी दाखवेल. तिथे 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत म्हणून त्या बाहेर ढकलल्या जातात. गाडी चांगली असू शकते, पण मुदत संपलेल्या रजिस्ट्रेशनची गाडी ना-हरकत हातात पडल्याशिवाय घेऊ नका.

आता खर्च. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या बाजारात अक्षरशः खरी आहे, कारण गाडीची किंमत जुनी झाली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत नव्या पोर्शचीच राहते. उभ्या राहिलेल्या गाडीला पहिल्या वर्षी मी हे सगळं करायला सांगतो: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, बेल्ट, प्लग, कॉइल, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट, बॅटरी, चारही टायर, गिअरबॉक्सचं ऑइल. वॉटर पंपाचा पंखा प्लास्टिकचा असतो, तुटला तर त्याचे तुकडे कूलंटच्या वाटांत जातात, म्हणून गळायची वाट न बघता बदलायचा. या सगळ्याला तीन ते चार लाख वेगळे काढून ठेवा. त्यानंतर दरवर्षी दीड-दोन लाखांची तरतूद ठेवा. एखाद्या वर्षी निम्मेही लागणार नाहीत. ते उरलेले खर्च करू नका, पुढच्या वर्षीच्या खात्यात राहू द्या. हे पैसे गाठीला नसतील आणि 19 लाखांत सगळी पुंजी संपत असेल, तर कळकळीने सांगतो, आत्ता घेऊ नका. दोन वर्षं थांबा. पैशाअभावी अर्धवट दुरुस्त्या करून उभी राहिलेली चांगली गाडी बघताना मला फार वाईट वाटतं.

सुटे भाग इथल्या सियागंज बाजारात फिरून मिळणार नाहीत. अहमदाबाद आणि मुंबईची अधिकृत सेंटर्स किंवा आयात, हे दोनच मार्ग. यातले बरेच भाग बॉश, माले, बेअर यांनीच मूळ कारखान्याला पुरवलेले असतात, त्यांच्याच डब्यातून घेतले तर दर्जा तोच आणि पैसे कमी. पण यायला आठवडे लागतात, म्हणून बेल्ट, दोन कॉइल, कूलंट टाकी आणि सेपरेटर घरात आणून ठेवा. गाडी घेण्याआधी इंदुरात तुमचा मिस्त्री ठरवा. त्याच्याकडे लिफ्ट आणि स्कॅनर असावं, आणि न कळलेलं काम तो नाही म्हणून सांगणारा असावा. पंक्चरवाल्याला जॅक कुठे लावायचा हे स्वतः दाखवा, भलत्या जागी लावला तर खालच्या नळ्या चेपतात. या गाडीत स्टेपनी नसते, कंप्रेसर आणि सीलंट असतं, आणि चाकाच्या लॉक नटची चावी हरवली तर चाकच निघत नाही. ती चावी डीलरकडून मागून घ्या.

इंदूरला स्पोर्ट्स गाडी परकी नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गवर इंग्लंडच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली होती, ती गाडी आजही अस्तित्वात आहे. पण इथली हवा अशा गाड्यांना कठीण आहे. मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा गाडी उघड्यावर नको, छपराचं कापड आणि डॅशबोर्ड दोन्ही खराब होतात. इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरत राहील, त्याला फिरू द्या. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल तळाच्या आवरणांत भरतो, ऑक्टोबरात ती काढून धुवा, आणि त्याच वेळी पुढचा बंपर उतरवून रेडिएटरमधला कडुनिंबाचा पाला काढा. छपराची भोकं जूनच्या आधी साफ. उंदरांपासून जपा, उभ्या गाडीच्या वायरिंगवर ते पहिला ताव मारतात.

आणि चालवा. आठवड्यातून एकदा, निदान 25-30 किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेल इतकं. रविवारी पहाटे मानपूरच्या बाजूला किंवा सिमरोलवरून भेरूघाटापर्यंत जाऊन या. घाटात ट्रकांची गर्दी सुरू व्हायच्या आत परत फिरा, तिथे अपघात फार होतात. वेग अजमावायची ती जागा नाही. 95 ऑक्टेनचं पेट्रोल घाला. गाडी घरी ठेवून लांब गावाला जाणार असाल तर टाकी भरून आणि बॅटरीला छोटा चार्जर लावून जा. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली आहे आणि बॉनेट विजेवर उघडतं, म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. अशा वेळी पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधलं ओढून बाहेर येणारं टर्मिनल वापरून बाहेरून वीज द्यायची असते. ते टर्मिनल कुठे आहे हे गाडी ताब्यात घेताना हाताने ओढून बघा, अंधारात शोधायची वेळ येऊ देऊ नका.

हे सगळं वाचून जड वाटत असेल तर सुरुवात जुन्या, पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसपासून करा. 1.8 टर्बो, मॅन्युअल गिअर, चार माणसं बसतात, आणि आपल्याकडे तिचं काम येणारे मिस्त्री भरपूर आहेत. ऑडी टीटीही चांगली आहे, पण तिचा गिअरबॉक्स ऑइल बदलल्याच्या बिलांशिवाय घेऊ नका.

बॉक्स्टरच घ्यायची ठरली तर 19 वर बोलणी सुरू करू नका. फिल्टर स्वच्छ, तास जुळलेले, कार्पेटखाली कोरडं आणि रजिस्ट्रेशन वाढवलेलं असेल, तर 15 पासून सुरू करा आणि 16 च्या वर जाऊ नका. टायरचे आकडे आणि बिलांची रिकामी वर्षं डीलरसमोर ठेवा, भाव त्यावरच उतरतो. फिल्टर उघडू देत नसेल तर कुठल्याही भावाला नको. आणि घेतलीत तर मुंबईहून चालवत आणू नका. इतकी उभी राहिलेली गाडी जुन्या टायरवर, जुन्या पेट्रोलवर 600 किलोमीटर पळवायची नसते. फ्लॅटबेड ट्रकवर आणा, थेट मिस्त्रीच्या लिफ्टवर उतरवा, आणि पहिली चावी ऑइल बदलल्यावर फिरवा.